सहा भोकांचे चाक

त्या वर्षीच्या भाऊबिजेला आमच्या आईने सजवलेले ओवाळणीचे तबक सायंकाळी तसेच देवघरात परत नेऊन ठेवले. निपाणीचे मामा दरसाल बिजेला दुपारच्या बसने हिंडलग्यास येत असत. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे त्यांचा तो नेम प्रथमच चुकला. दूरध्वनीवरून बहीणभावंडांचे बोलणे झाले. ते संपल्यावर आई काही वेळ स्वस्थ बसली आणि मग आम्हां दोघा भावांना म्हणाली, "पुढच्या बिजेला मीच जाते निपाणीला. पण त्या तुमच्या बंद काचांच्या मोटारीतून नको. शेवरीतून न्या. आले तशी एकदा जाऊन येते."

आईचे वय सत्त्याऐंशी. या वयातील माणसाच्या इच्छेला 'बघू' असे उत्तर द्यायचे नसते, एवढे तारतम्य आम्हांला होते. म्हणून आम्ही 'हो' म्हणालो. काय कबूल केले आहे हे कळायला मात्र पुढे वर्ष लागले.

शेवरी म्हणजे आमच्या परसात पत्र्याच्या छपराखाली विटांवर उभी असलेली १९५१ च्या बनावटीची शेवरोलेट पिकअप. जनरल मोटर्स कंपनीने मुंबईत शिवडी येथे १९२८ साली गाड्या जुळविण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि जोडणी येथे व्हायची. तो कारखाना १९५४ साली बंद झाला. आमची गाडी त्याच्या अखेरच्या काळातली, आणि आजोबांनी ती १९५३ मध्ये दुसऱ्या हाताने घेतलेली. 'शेवरोलेट' हा उच्चार आजीच्या जिभेवर बसेना, तेव्हा तिने शेवरी म्हणायला आरंभ केला आणि कापसाच्या झाडाचे नाव लोखंडाला चिकटले ते कायमचे. हिंडलगा, सुळगा, उचगाव या बाजूचे बटाटे आणि रताळी बेळगावच्या पेठेत पोहोचवणे हे तिचे नित्यकर्म होते. प्रसंगी ती निपाणीपर्यंत जाई आणि परतताना तंबाखूची पोती आणी. त्या तंबाखूच्या व्यवहारातूनच निपाणीशी आमची सोयरीक जुळली. १९५७ च्या चैत्रात आई शेवरीच्या पुढच्या बाकावर बसून या घरी आली. बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात जाऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. शेवरी १९८४ पर्यंत धावली. आजोबा गेले, टेंपो आले, आणि शेवरी छपराखाली गेली ती तेथेच राहिली. विकायचे म्हटले की आप्पा काही न बोलता जेवणावरून उठत.

इंजिन, ब्रेक आणि विजेच्या तारा यांची कथा येथे सांगत नाही, ती एखाद्या जाणकार माणसाने सांगावी. कागदपत्रांची कथा तर कोणीच सांगू नये. उद्यमबागेतल्या एका जुन्या मिस्त्रींनी चार महिने खपून इंजिन बोलते केले, एवढे पुरे. बेळगावात यंत्रशाळा आणि ओतशाळा पिढ्यान्‌पिढ्या असल्यामुळे लोखंडाच्या कामाला माणूस मिळतो. मिस्त्री अवघड कामापुढे घाबरत नाहीत, सोप्या कामापुढे मात्र हटकून घाबरतात. इंजिन सुरू झाल्यावर ते म्हणाले, "आता खरं काम राहिलंय ओ सर. चाकं."

आम्हांला तो विनोद वाटला. गाडीला चाके होतीच. चार लावलेली आणि पाचवी स्टेपनी. टायर फाटून लोंबत होते हे खरे, पण टायर बाजारात मिळतात. जुन्या टायरच्या बाजूवर आकडाही शाबूत होता: ६.००-१६. तो एका चिठ्ठीवर टिपून आम्ही बाजारात गेलो आणि तासाभरात त्याच मापाचे चार कोरे टायर घेऊन आलो. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. दुकानदाराने माप विचारले, आम्ही सांगितले, त्याने दिले. गाडी कोणती हे त्याने विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. टायरवर घेराच्या दिशेने गोलाकार जाणाऱ्या तीन उंच पट्ट्या होत्या. त्या आम्हांला मोठ्या रुबाबदार वाटल्या.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. शेवरीला वेंगुर्ला रस्त्यावर फिरवून आणावे असे ठरले. १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात येथे गोळीबारात बळी पडलेल्यांचे जे स्मारक हिंडलग्यात आहे, त्याच्यासमोरून जाताना आम्ही सवयीने हात जोडले. सुळग्यापर्यंत सारे आनंदात चालले होते. तेथे एक म्हैस आपल्या हक्काच्या गतीने रस्त्यात आली. थोरल्याने ब्रेक दाबला. गाडीचा वेग ताशी ४५ किलोमीटरच्या वर खास नव्हता. चाके थांबली, पण गाडी थांबली नाही. ओल्या डांबरावरून ती साबणाच्या वडीसारखी सरकत गेली आणि कडेच्या दगडाला पुढचे डावे चाक धडकल्यावरच उभी राहिली. म्हैस वाचली, आम्हीही वाचलो. धाकट्याच्या कपाळाला टेंगूळ आले. ते आईला दिसू नये म्हणून तो दोन दिवस घरातही टोपी घालून वावरला. आईने तिसऱ्या दिवशी विचारले, "टोपी काढून दाखव बघू."

मिस्त्रींनी टायर पाहिला आणि कपाळावर हात मारला. टायर ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा होता. माप तेच: ६.०० म्हणजे टायरची रुंदी इंचांत, १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, आणि मधली आडवी रेघ सांगते की आतले धागे तिरपे, एकावर एक फुली घातलेले आहेत. बाजारात याला नायलॉन टायर म्हणतात. ही तिन्ही लक्षणे आमच्या गाडीशी तंतोतंत जुळत होती. परंतु बाजूवर आणखी दोन बारीक खुणा होत्या, ज्यांच्याकडे आम्ही पाहिलेच नव्हते. 'एफ-२' ही खूण तीन पट्ट्यांच्या ट्रॅक्टर-टायरची. त्या पट्ट्या नांगरलेल्या मऊ मातीत रुतून चाकाला वळण देण्यासाठी असतात, ओल्या डांबरावर त्यांचा उपयोग नसतो. 'ए-६' ही खूण वेगमर्यादेची: ताशी ३० किलोमीटर. आम्ही अक्षरे वाचली होती, शब्द वाचला नव्हता. आमच्यातला धाकटा तीस वर्षे शाळेत भाषा शिकवीत होता, हे येथे नमूद करणे त्याला फारसे रुचणार नाही.

त्या धडकेचा एक उपकार झाला. चाके उतरवून रंग खरवडताना मिस्त्रींना दोन डिस्कांत नटाच्या भोकांपासून निघालेल्या केसाएवढ्या चिरा सापडल्या. या चिरा दगडाने पडलेल्या नव्हत्या. त्यांच्या कडा आतून गंजलेल्या होत्या, म्हणजे त्या आजोबांच्या काळापासून असणार. त्या चाकांवर पोत्यांची रास लादून आजोबा वंटमुरीचा घाट चढत होते! वेल्डिंग करून भागवावे का, असे आम्ही विचारले. मिस्त्री म्हणाले, "आत कुणी बसणार नसंल तर करू या की." आम्ही विषय सोडला.

येथून आमची खरी शोधयात्रा सुरू झाली, कारण आता टायर नव्हे तर आधी चाक हवे होते. सल्ला देणाऱ्यांना तोटा नव्हता. एका मित्राचे म्हणणे असे की आजकालच्या बोलेरोची १५ इंची चाके घालून २१५ रुंदीचे रेडियल टायर बसवावेत, म्हणजे जन्माची चिंता मिटेल. दुसऱ्याने फॉर्च्युनरची मिश्रधातूची झगझगीत चाके सुचवली. तिला सहाच नट असतात आणि त्यांचे वर्तुळही आमच्याच मापाचे, हे त्याने बरोबर शोधून काढले होते. आम्ही एक चाक मागून आणून लावूनही पाहिले. परंतु नव्या चाकांत डिस्क रिमच्या बाहेरच्या कडेकडे सरकवलेली असते, त्यामुळे टायर गाडीच्या पोटात शिरतो आणि वळताना आतल्या पट्टीला घासतो. मधे जाड चकती घालून चाक बाहेर काढता येते म्हणे. पण मग सारा भार त्या चकतीच्या भरवशावर राहतो. शिवाय शेवरीला ती चाके अशी दिसत होती, जणू नऊवारी नेसलेल्या आजीच्या पायांत कोणी धावण्याचे बूट घातले आहेत.

जुन्याच चाकांवर रेडियल टायर का नकोत, हे समजायला आम्हांला वेळ लागला. रेडियलची रुंदी जास्त, आणि त्याला तेवढाच रुंद रिम लागतो. अरुंद रिमवर तो फुगलेल्या पुरीसारखा बसतो आणि मधल्या भागावरच झिजतो. ट्यूबशिवायचा टायर तर आमच्या चाकांना चालणारच नव्हता. त्या टायरची कड घट्ट धरून ठेवणारी उंचवट्याची रेघ जुन्या रिमला नसते, आणि डिस्क रिमला रिवेटांनी जोडलेली असल्याने हवा तेथून हळूहळू निघून जाते. रेडियल आणि नायलॉन यांची एकाच आसावर जोडी लावणे तर साफ धोक्याचे. दोघांची वळण्याची रीतच निराळी, गाडी एका अंगाला ओढू लागते.

टायर लहान घेतला तर बिघडले काय, हाही प्रश्न आम्ही विचारला. मोटारीचे १४ इंची टायर पुष्कळ स्वस्त पडत होते. त्यावर मिस्त्रींनी जमिनीवर खडूने हिशेब मांडला. शेवरीच्या मागच्या आसाचे गुणोत्तर ४.११, म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाकडचा दांडा चार वेळांहून थोडा अधिक फिरतो. ६.००-१६ टायरची एकूण उंची २८ ते २९ इंच. या मापावर ताशी ६० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे १८०० फेरे घेते. टायर २४ इंचांवर आणला की त्याच वेगाला २१०० च्या पुढे जाते. नव्या इंजिनाला हे काहीच नाही. परंतु शेवरीच्या इंजिनात कनेक्टिंग रॉडच्या तळाशी पांढऱ्या मऊ धातूचा थर ओतलेला आहे, आणि त्याला तेल मिळते ते मुख्यतः खालच्या टाकीत बुडणाऱ्या लहानशा चमच्यांनी. फार पळवले की तो थर वितळतो. तात्पर्य, चाकाची उंची ही इंजिनाच्या आयुष्याशी बांधलेली होती. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी चाक शेवटी नव्हे तर आधी ठरवले असावे, असे तेव्हापासून आम्हांला वाटू लागले आहे.

अमेरिकेतील भाच्याने वेगळाच मार्ग सांगितला. टेनेसी राज्यात चॅटनूगा येथे कोकर टायर नावाची कंपनी आहे. १९५८ पासूनची. ती जुन्या नक्षीचे, पांढऱ्या पट्ट्याचे टायर आजही नव्या रबरात करते. छायाचित्रे पाहून आमची दोन दिवस झोप उडाली. पण जून २०२० पासून परदेशी टायरची आयात सरकारने परवान्याखाली आणली आहे, आणि चार टायरचे वजन भाच्याच्या सामानात मावण्याजोगे नव्हते. शिवाय आजोबांच्या गाडीला पांढरी पट्टी कधीच नव्हती. त्यांचे टायर डनलॉपचे असत, हुगळी जिल्ह्यातील साहागंजच्या कारखान्यातले. तो १९३६ साली सुरू झालेला, देशातला पहिला टायर-कारखाना. आजोबा ते टायर झिजले की रिमोल्ड करून घेत, पुन्हा झिजले की पुन्हा. पांढऱ्या पट्टीवर बटाट्याची माती किती दिवस शोभली असती?

सप्टेंबर उजाडला. चाके मिळेनात. बेळगावचे भंगारवाले झाले, कोल्हापूर झाले. कोल्हापूरला जुन्या गाडीचा मान मोठा. दसऱ्याला छत्रपतींची १९३६ सालची मेबॅक मिरवत दसरा चौकात येते, तेव्हा आम्हीही एके काळी त्या गर्दीत टाचा उंचावून उभे राहिलो आहोत. त्या मोटारीची चाके कोठून आणीत असतील, हा प्रश्न मात्र तेव्हा सुचला नव्हता. कोल्हापूरहून एका व्यापाऱ्याने फोनवर खात्री दिली: "साडेपाच इंची वर्तुळ, सोळाचा रिम, दोन नग, बिनधास्त या." आम्ही न पाहताच पैसे पाठवले. आलेली चाके जीपची होती. वर्तुळ खरोखर साडेपाच इंचांचे होते, रिम खरोखर सोळाचा. फक्त भोके पाच होती.

वर्तुळ एकच आणि भोके पाच की सहा, एवढ्याने चाक परके होते. पाच भोकांच्या चाकात समोरासमोर भोके येत नाहीत, त्यामुळे त्याचे माप घेणे अवघड. सहा भोकांचे सोपे. मिस्त्रींनी आम्हांला एक युक्ती दाखवली जी पुढे उपयोगी पडली. सहा भोकांत शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर हे नेमके वर्तुळाच्या निम्मे असते. आमच्या चाकाला पावणेतीन इंच. एक काडी तेवढी तोडून खिशात ठेवली की कोठेही चाक तपासता येते, फीतही लागत नाही. शाळेत षटकोन शिकताना हे आम्ही पाठ केले होते, पण त्याचा काही उपयोग असतो असे कोणी सांगितले नव्हते. जीपच्या चाकाला नवी सहा भोके पाडून देतो असे सांगणाराही एक कारागीर भेटला. पाच जुनी आणि सहा नवी अशी अकरा भोके एका डिस्कला! चाळणी म्हणून ती उत्तम झाली असती.

ती काडी खिशात घेऊन आम्ही किती अंगणे धुंडाळली त्याची गणती नाही. शेवटी मिस्त्रींच्या मेव्हण्याने निरोप धाडला की शिनोळीच्या पलीकडे, चंदगड तालुक्यातल्या त्यांच्या गावी, रबरी टायरच्या एका बैलगाडीला सहा नटांची चाके आहेत. बाची ओलांडून आम्ही महाराष्ट्रात शिरलो. बैलगाडी गोठ्याबाहेर जू टेकवून उभी होती. चिखल पुसला, काडी लावली. काडी बसली. दुसऱ्या जोडीला लावली, तेथेही बसली. हब सुद्धा शेवरोलेटचेच. कोणे एके काळी या बाजूला अशीच दुसरी गाडी असली पाहिजे. ती मोडीत निघाली तेव्हा कोणी तिची पुढची चाके हबांसकट उचलून लोहाराकडून आस करून घेतला असावा. ती गाडी आणि आमची शेवरी एकाच रस्त्याने धावत होत्या तेव्हा बाचीजवळ कसलीच सीमा नव्हती. कदाचित त्या एकमेकींना ओळखतही असतील. निदान आजोबा त्या गाडीच्या चालकाला ओळखत असणार, कारण आजोबा सर्वांनाच ओळखत.

मालक आमच्याच वयाचे, सत्तरीच्या आतबाहेरचे. चहा झाला. आम्ही चाकांची किंमत विचारताच त्यांचा चेहरा बदलला. "पावणं, चाकं तुमाला दिली तर भात काय डोक्यावरनं आणू?" ते म्हणाले. आम्ही रक्कम वाढवली. ते हसले. "पैशानं चाकं हुडकत तुमी हितवर आलाय. मग मी कुठं हुडकू?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही ओशाळून उठलो. परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलले नाही. बाचीजवळ आल्यावर धाकटा म्हणाला की आपल्या छपरात पाच भोकांची दोन जीपची चाके पडून आहेत आणि ट्रॅक्टरचे चार टायर पडून आहेत. जीपच्या रिमला तो टायर चपखल बसतो. बैलगाडीला ताशी तीस किलोमीटरची मर्यादा कधीच आड येणार नाही, आणि मऊ मातीत, चिखलात, शेतात त्या तीन पट्ट्यांइतके चांगले दुसरे काय? ज्या टायरने आम्हांला सुळग्याला म्हशीवर नेले, तो बैलामागे मात्र अगदी योग्य होता.

मिस्त्रींनी जीपचे हब मिळवले, आस घडवला. नव्या बेअरिंगांत वंगण भरून, जीपची चाके आणि ट्रॅक्टरचे कोरे टायर चढवून तो आस आम्ही टेंपोत घालून शिनोळीपलीकडे नेला. जीपच्या डाव्या चाकांचे नट पूर्वी उलट्या आट्यांचे असत. आमच्या हबांपैकी एक तसा निघाला, तेव्हा कोणत्या बाजूला पाना कसा फिरवायचा हे मालकांच्या नातवाला दोनदा करून दाखवावे लागले. मालकांनी बैल जुंपून शेतापर्यंत एक फेरी मारली. परत आले ते खाली उतरायच्या आत म्हणाले, "हलकी झाली की गाडी." मग स्वतः पाना घेऊन जुनी चाके सोडवून दिली. पैसे घेतले नाहीत. निघताना काजूची एक पिशवी मात्र घ्यावी लागली, आणि ते नाकारण्याची आमची प्राज्ञा नव्हती.

टायरची खरेदी त्यामानाने लवकर आटोपली. आता काय विचारायचे हे कळत होते. जीपसाठी म्हणून केलेला, रस्त्याचा, नायलॉनचा ६.००-१६. तो आपल्याकडे अजूनही बनतो. एका ठिकाणी वेष्टनातले, हात न लागलेले टायर अर्ध्या किमतीत देऊ केले गेले. रबर काळेभोर, नक्षी पूर्ण. आम्ही बाजूवरचा तारखेचा शिक्का शोधला. २००० सालापासून तो चार आकडी असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. येथे तीनच आकडे होते, म्हणजे टायर गेल्या शतकातला. रबर न वापरताही म्हातारे होते. बोटाने बाजू दाबून वाकवली तर आतल्या बारीक भेगा उघड्या पडल्या. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो आणि पूर्ण किमतीत दोन महिन्यांपूर्वीचे टायर घेतले. ट्यूबही नव्याच घेतल्या. रिम वाळूच्या फवाऱ्याने साफ केले, चाक आसावर फिरवत शेजारी खडू धरून वाकडेपणा पाहिला. चंदगडच्या दोहोंपैकी एक किंचित डुलते असे आढळले, ते स्टेपनी ठरले आणि आमची जुनी स्टेपनी चौथे चाक झाली. नट समोरासमोरच्या जोडीने आवळायचे, गोलाकार नाही. नव्याने चढवलेले चाक पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, हे मिस्त्रींनी तीनदा बजावले.

भाऊबिजेच्या सकाळी आई सहा वाजताच तयार होऊन ओट्यावर बसली होती. तबक तिने मांडीवर घेतले ते कोणाच्या हाती द्यायला तयार नव्हती. गाडी निघाली आणि खालून धड्‌ धड्‌ असा संथ ठोका येऊ लागला. आमच्या काळजात धस्स झाले. नायलॉनचे टायर रात्रभर एका जागी उभे राहिले की जमिनीला टेकलेला भाग किंचित चपटा होतो आणि ऊब येईपर्यंत असा ठोका देतो, हे मिस्त्रींनी सांगितले होते, ते ऐन वेळी आठवेना. आई शांतपणे म्हणाली, "काही नाही. सकाळी हिचं असंच असायचं. काकतीपर्यंत थांबतं." ते काकतीच्या अलीकडेच थांबले.

वंटमुरीचा घाट, यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर, कणगला. ताशी ४५ च्या वर आम्ही गेलो नाही. मोठमोठ्या मालगाड्या शिंग वाजवीत पुढे जात होत्या, आणि त्यांचे चालक खिडकीतून मान बाहेर काढून शेवरीकडे पाहत होते. तवंदी घाट उतरण्यापूर्वी गाडी कडेला घेतली. थोरल्याने पाना काढला. चार चाके, चोवीस नट. बावीस जागचे हलले नाहीत, दोन पाव फेरा घट्ट झाले. ते दोन्ही शिनोळीपलीकडून आणलेल्या चाकाचे होते.

"झालं?" आईने वरून विचारले.

"झालं. दोनच सैल होते."

"तुमचे आजोबाही इथंच थांबवायचे," ती म्हणाली. "आणि स्टेपनी आणली आहे ना रे?"

आणली होती. निपाणीत मामांच्या दारासमोर गाडी उभी केली तेव्हा मामा अंगणात खुर्ची टाकून बसलेले होते. आई पायरीवर पाय ठेवून, धाकट्याच्या खांद्याचा आधार घेत उतरत असताना त्यांनी आधी तिच्याकडे नव्हे, चाकांकडे पाहिले. "डनलॉप न्हाईत वाटतं?" असे विचारून त्यांनी ओवाळून घ्यायला डोक्यावरची टोपी सरळ केली.